एका फायरबॉलची किंमत

इंद्राने कवचकुंडलांच्या बदल्यात कर्णाला वासवी शक्ती दिली, पण ती एकदाच वापरता येणार होती. कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेवली. चौदाव्या दिवशी, रात्रीच्या युद्धात, घटोत्कचाने कौरवसेनेचा असा काही फडशा पाडायला घेतला की ती त्याच्यावर सोडण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. घटोत्कच पडला, पांडव शोकात बुडाले आणि कृष्ण मात्र हर्षाने नाचला. हीच शक्ती कर्णाला हवी तितक्या वेळा वापरता आली असती तर तो रणात उतरला त्याच दिवशी अर्जुन गेला असता, आणि व्यासांना या रात्रीचं काही सांगायचं उरलंच नसतं.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममधल्या जादूचं मर्म त्या एका अटीत आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम (डन्जन मास्टर) होतो, म्हणजे जग, राक्षस, गावकरी आणि पाऊसपाणी त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. पुढचं सगळं तोंडी, आणि निकाल अडला की फासे. नवा खेळाडू नियमांचं जाडजूड पुस्तक उघडतो आणि जादूगाराला काय काय करता येतं याची यादी वाचत सुटतो. उडता येतं, अदृश्य होता येतं, आगीचा गोळा, म्हणजे फायरबॉल, फेकता येतो. यादी वाचायला मजा येते, पण खेळ समजायचा असेल तर प्रत्येक मंत्रापुढे एकच गोष्ट शोधावी: याच्या बदल्यात काय जातं? दिवसातली एक संधी जाते, अंगातली ताकद जाते, की शहाणपण जातं? जे जातं त्याचीच धास्ती टेबलावर पसरते. दोन खेळांमध्ये आगीचा गोळा अगदी सारखाच असेल, तरी त्याची किंमत वेगळी असली तर खेळ संपूर्ण वेगळे होतात.

गंमत म्हणजे हा गोळा मुळात जादूचा नव्हताच. १९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे युद्धखेळाचे नियम छापले. टेबलावर मध्ययुगीन सैनिकांच्या छोट्या मूर्ती मांडून लढाई खेळायची. त्याला काल्पनिक प्राण्यांची पुरवणी जोडली होती आणि तीत जादूगारही होता. तो आगीचा गोळा फेकू शके. तो किती जागेवर पडेल ते मोठ्या दगडफेकी यंत्राच्या माऱ्याइतकं धरायचं. त्याची वीज म्हणजे जड तोफेचा मारा. म्हणजे या खेळांतला जादूगार जन्माला आला तो तोफखाना म्हणून, आणि तोफखान्याबद्दल पहिला प्रश्न असतो दारूगोळा किती शिल्लक आहे हा.

१९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. सैन्याऐवजी एकेक माणूस खेळायचा, तळघरांत उतरायचं, खजिना घेऊन जिवंत परत यायचं. आता जादूगाराच्या दारूगोळ्याला काहीतरी कारण द्यावं लागणार होतं. ते गायगॅक्सने जॅक व्हान्स या लेखकाकडून उचललं. व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकात जादूगार पोथी उघडून मंत्र महत्प्रयासाने डोक्यात कोंबतात. डोक्यात जागा मोजकी. मंत्र उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पाठ करा. या पद्धतीला खेळाडू आजही 'व्हान्सियन' म्हणतात. गायगॅक्सने हे ऋण कधी लपवलं नाही. 'प्रिझमॅटिक स्प्रे' हा मंत्रही व्हान्सच्या पुस्तकातूनच आला, आणि खेळातला कुप्रसिद्ध मृत जादूगार 'व्हेक्ना' म्हणजे व्हान्सच्या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली.

टेबलावर याचा परिणाम असा झाला की जादूगाराचा खरा खेळ सकाळी, तंबूतच सुरू होई. आज काय लागेल? झोप आणणारा मंत्र घेऊ की कुलूप उघडणारा? एकच मंत्र दोनदा लागेलसं वाटलं तर तो दोनदा पाठ करायचा आणि दोन जागा अडवायच्या. कुलपाचा मंत्र घेतला आणि दिवसभर एकही कुलूप भेटलं नाही तर तो डोक्यात तसाच पडून. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे बढतीच्या पहिल्या पायरीवरच्या, जादूगाराला तर दिवसाला एकच मंत्र मिळे. तो म्हणून झाला की हातात एक खंजीर आणि अंगात इतका कमी जीव की एखादा बरा घाव पुरे. पुष्कळांना हे जाचक वाटतं. मला विचाराल तर त्या अंदाज बांधण्यात एक वेगळीच चव होती. डीएमने काल उगाच बोलता बोलता काय सांगितलं ते आठवायचं, नकाशा पुन्हा बघायचा, आणि मग चूक झाली तर ती आपलीच.

दोष होता तो दुसऱ्या टोकाला. योद्धा बेरजेने वाढे, जादूगार गुणाकाराने. १९७८ च्या नियमांत पाचव्या लेव्हलच्या जादूगाराचा फायरबॉल ५ फाशांच्या इजेचा, दहाव्या लेव्हलचा १० फाशांच्या; शिवाय तोवर दिवसाला मिळणारे मंत्रही वाढलेले आणि वरच्या दर्जाचे नवे मंत्र हाती आलेले. सुरुवातीला ज्याला सगळे सांभाळून नेत, तोच पुढे एकट्याने दरबार उलथवू लागे आणि तलवारवाला मित्र फासे हातात धरून बसे. या असमतोलावर गेली पन्नास वर्षं उपाय शोधणं चालू आहे.

पहिला वेगळा मार्ग वर्षभरातच निघाला. अमेरिकेतल्याच केन सेंट आंद्रे याने १९७५ साली 'टनल्स अँड ट्रोल्स' काढला. त्यात पाठांतर नाही, विसरणं नाही. मंत्र म्हटला की जादूगाराच्या शक्तीच्या आकड्यातून तेवढे गुण वजा होतात; विश्रांती घेतली की हळूहळू भरून येतात. जादू म्हणजे अंगमेहनत. तीन मंत्र म्हटले की मांत्रिकाचे पाय लटपटतात, हे चित्र डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने याहून पुढे जाऊन जादू जवळपास सगळ्यांनाच देऊन टाकली. तिथे साधा भालाईतसुद्धा आपल्या भाल्याची धार मंत्राने वाढवतो. गुणांची पद्धत समजायला सोपी आणि लवचीकही, पण तिचाही एक रोग आहे. खेळाडू आठवडाभरात शोधून काढतात की कमी गुणांत जास्त काम करणारा मंत्र कोणता, आणि मग उरलेला ग्रंथ कोणी उघडतही नाही.

आज सर्वांत जास्त खेळली जाते ती 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती. ती २०१४ साली आली आणि २०२४-२५ मध्ये तिची सुधारित पुस्तकं निघाली. तिने जुन्या पाठांतराचे दोन तुकडे केले, आणि नवखे लोक नेमके इथेच अडखळतात. सकाळी जादूगार तयार करतो ते मंत्र ही एक गोष्ट; दिवसात किती वेळा म्हणता येईल ते स्लॉट ही दुसरी. तयार केलेला मंत्र आता पुसला जात नाही, खर्च होतो तो स्लॉट. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे, म्हणजे पोथीवाल्या जादूगाराकडे, पहिल्या दर्जाचे ४, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे २ स्लॉट असतात. फायरबॉल तिसऱ्या दर्जाचा. म्हणजे दोन फायरबॉल, नाहीतर एक फायरबॉल आणि एकदा उड्डाण. (पुस्तकात मंत्राच्या दर्जालाही 'लेव्हल' म्हणतात आणि पात्राच्या बढतीलाही. पन्नास वर्षांत हे कोणी बदललं नाही. पाचव्या लेव्हलला पाचव्या लेव्हलचा मंत्र का मिळत नाही, हे दर नव्या गड्याला नव्याने सांगावं लागतं.)

आता एक फायरबॉल टाकून पाहू. पल्ला १५० फूट, जिथे फुटेल तिथून २० फुटांच्या त्रिज्येत सगळ्यांना झळ, आणि इजा सहा बाजूंच्या ८ फाशांची बेरीज, म्हणजे सरासरी २८. समोरच्याला चुकवायची संधी असते. त्यासाठी एक आकडा लागतो: ८, अधिक जादूगाराचा अनुभव, अधिक त्याची बुद्धी. आपल्या विझार्डचा तो ८ अधिक ३ अधिक ४, म्हणजे १५. समोर गॉब्लिन, म्हणजे खुजा चिल्लर राक्षस, असेल तर तो वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपल्या चपळाईचे २ मिळवतो. फाशावर १३ किंवा जास्त आलं तर तो वाचला. अशी शक्यता ४० टक्के. पण वाचला म्हणजे इजा निम्मी, पूर्ण माफ नाही. २०१४ च्या पुस्तकात गॉब्लिनचा जीव ७ गुणांचा आणि २८ चे निम्मे १४. त्यामुळे चुकवूनही तो बहुधा जळतोच. गॉब्लिनांचा घोळका दिसला की विझार्डचे डोळे चमकतात ते यामुळे.

त्याच जागी एकटा ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, उभा करा. त्याच पुस्तकात जीव ५९. दोन्ही फायरबॉल पूर्ण बसले तरी सरासरी ५६. तो उभाच, आणि तुमचे मोठे स्लॉट संपलेले. इथे शहाणा खेळाडू दुसऱ्या दर्जाचा 'वेब' टाकतो. ओगर जाळ्यात अडकला की मित्रांचे बाण त्याला सहज लागतात, आणि मोठे स्लॉट शाबूत राहतात. मंत्र किती जबरदस्त यापेक्षा या क्षणी तो परवडतो का, हा हिशेब करायला नियम भाग पाडतात.

या आवृत्तीतला मला सर्वांत हुशार वाटणारा नियम एकाग्रतेचा. वेब, उड्डाण, अदृश्यता, वेग वाढवणं असे टिकून राहणारे बहुतेक मंत्र चालू ठेवायला जादूगाराला लक्ष धरून बसावं लागतं, आणि असा एकच मंत्र एका वेळी धरता येतो. त्याला घाव बसला की फासा: १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठला नाही तर मंत्र सुटला. पूर्वी जादूगार एकावर एक पाच मंत्र चढवून लढाईआधीच ती जिंकून बसत. आता शत्रू मंत्र तोडायला जादूगारावरच धावून येतात, आणि योद्ध्याला त्याच्यापुढे उभं राहण्याचं सबळ कारण मिळतं. एका छोट्या नियमाने दोघांना पुन्हा एकमेकांची गरज लावली.

कॅन्ट्रिप या प्रकाराबद्दल मात्र माझं मन द्विधा आहे. हे बिनस्लॉटचे छोटे मंत्र, कितीही वेळा म्हणा. खंजीर घेऊन कोपऱ्यात उभं राहणं त्यांनी संपवलं, हे बरंच झालं. पण जादूगार दर वेळी हातातून आगीची ठिणगी सोडतोच आहे, तर त्या ठिणगीकडे कोणी मान वळवून बघतही नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर योद्ध्यालाही 'हवं तेव्हा', 'लढाईत एकदा', 'दिवसात एकदा' अशा डावांच्या याद्या दिल्या होत्या. समतोल साधला, पण सगळे वर्ग, म्हणजे पात्रांचे प्रकार, एकाच चवीचे लागतात अशी तक्रार झाली, आणि पाचव्या आवृत्तीने ती वाट सोडली.

स्लॉट परत मिळतात ते मुख्यतः आठ तासांच्या विश्रांतीने. त्यामुळे खेळाडू करतात काय, तर पहिल्याच झुंजीत दोन्ही फायरबॉल उडवतात आणि सकाळी साडेनऊला तळघरात अंथरूण घालून झोपतात. याला नियमाचा इलाज पुरा पडत नाही. डीएमने गोष्टीतच घाई आणायची: ओलीस धरलेल्यांचा बळी मध्यरात्री जाणार आहे, झोपा खुशाल. वॉरलॉक या वर्गाची गोष्ट वेगळी. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे दोनच स्लॉट, पण दोन्ही तिसऱ्या दर्जाचे आणि तासाभराच्या विसाव्यात परत येणारे. हे त्याला कोणा अमानवी धन्याशी केलेल्या करारातून मिळतं, आणि तो धनी कधी काय मागेल ते डीएमच्या मनावर.

लढाईतले मंत्र डीएमला क्वचितच त्रास देतात. झोप उडवतात ते साधे दिसणारे घरगुती मंत्र. वाळवंटात अन्नपाण्याविना तगून राहण्याची गोष्ट रचावी, तर ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक मांत्रिक, पहिल्या दर्जाच्या 'गुडबेरी'ने दहा बोरं काढतो आणि एका बोरात एका माणसाचं दिवसभराचं जेवण भागतं. खुनाचं रहस्य रचावं, तर कोणीतरी प्रेतालाच विचारतं, तुला मारलं कोणी? त्या मंत्राला नियमकर्त्यांनी बारीक अक्षरांत कुंपण घातलंय: प्रश्न पाचच, आणि विचारणारा शत्रू वाटला तर प्रेतावर खरं बोलायचं बंधन नाही. अशी कुंपणं जागोजागी सापडतात. मेलेल्याला मिनिटभराच्या आत उठवणाऱ्या मंत्राला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि तो जळून जातो. बऱ्याच मंत्रांना उच्चार, हातवारे आणि साहित्य लागतं, म्हणून कैद केलेल्या मांत्रिकाच्या तोंडात बोळा आणि हाताला दोरी. साहित्याची यादी बनवणाऱ्यांनी मिश्कीलपणाही केलाय. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक, म्हणजे बंदुकीच्या दारूकडे डोळा. विजेच्या मंत्राला केसाळ कातडीचा तुकडा आणि काचेची कांडी, म्हणजे शाळेतला स्थिर विद्युतचा प्रयोग.

आणखी एक कुंपण आपल्याकडून गेलेलं. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे, याच नावाने. चित्रात त्याला वाघाचं डोकं देऊन टाकलंय, ते सोडून द्या. पण पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात सहाव्या दर्जापर्यंतचा कोणताही मंत्र त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला लागूच होत नाही. आपला पाचव्या लेव्हलचा विझार्ड त्याच्यापुढे निव्वळ प्रेक्षक.

यादीतून मंत्र निवडायचे ही कल्पनाच ज्यांनी झुगारली त्यांतला सर्वांत देखणा खेळ १९८७ चा 'आर्स मॅजिका'. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी बनवलेला. काळ साधारण इ. स. १२२०, जागा युरोप, पण दंतकथा खऱ्या असलेला. इथे जादू म्हणजे व्याकरण. पाच लॅटिन क्रियापदं: क्रेओ म्हणजे निर्माण करणं, इंतेलेगो जाणणं, मूतो बदलणं, पेर्दो नष्ट करणं, रेगो ताब्यात ठेवणं. आणि दहा नामं: आग, पाणी, हवा, माती, वनस्पती, प्राणी, शरीर, मन, प्रतिमा आणि खुद्द जादू. क्रियापदाला नाम जोडा, मंत्र तयार. गावाला आग लागली तर एक जण पेर्दो इग्नेमने (इग्नेम म्हणजे आग) ती विझवेल, दुसरा रेगो इग्नेमने तिला नदीकडे वळवेल. दोन्ही बरोबर. माणसाचा लांडगा करायचा तर मूतो आणि शरीर, पण प्राण्याचंही ज्ञान हवं. पंधरा शब्दांतून पन्नास जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत अगणित मंत्र.

मग किंमत कुठे आहे? आयत्या वेळी रचलेल्या मंत्राची ताकद थकवा पत्करला तर निम्मी होते, आणि न थकता म्हटला तर एक-पंचमांश. पूर्ण ताकद मिळते ती आधी प्रयोगशाळेत बसून बांधलेल्या मंत्रात, आणि तिथे खर्ची पडतात ऋतू. हिवाळा एका मंत्रात गेला, वसंत दुसऱ्यात. या खेळातली टंचाई आहे आयुष्याची. ड्रॅगन गावावर आला की मांत्रिक आधी चिडतो, कारण त्याचा प्रयोग अर्धवट राहणार. विश्वरचनाही जादूला अडवते: क्रेओने केलेली वस्तू 'व्हिस' नावाचं जादूचं कच्चं द्रव्य न वापरता केली तर टिकत नाही, आणि चंद्राच्या कक्षेपलीकडे कोणाचाही मंत्र पोचत नाही, कारण मध्ययुगीन समजुतीप्रमाणे तिथून पुढे वेगळंच जग. माझा हा सर्वांत आवडता खेळ. पण खरं सांगायचं तर हा सावकाशीने खेळायचा खेळ आहे. एकेका मंत्रावर टेबलाभोवती पाच मिनिटं वाद होतो आणि तेवढ्यात ओगर ताटकळतो.

काही खेळांत किंमत आधी माहीतच नसते, आणि भीती तिथेच असते. 'डन्जन क्रॉल क्लासिक्स' या २०१२ च्या खेळात प्रत्येक मंत्राला स्वतःचा तक्ता आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा. वर आला तर कल्पनेपलीकडचा परिणाम, १ आला तर मंत्र गेला आणि वर कधीकधी शरीरात कायमची विकृती. फासा वर न्यायला स्वतःची ताकद, चपळाई, दम जाळता येतो. १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुल्हू'मध्ये तर मंत्र शिकणं हाच अपघात. शापित ग्रंथ वाचला की ज्ञान वाढतं आणि जितकं ते वाढेल तितकी शहाणपणाची कमाल मर्यादा खाली येते. मंत्र म्हटला की आणखी शहाणपण जातं. म्हणून तिथले मुरलेले खेळाडू पुस्तक सापडलं की ते उघडण्याआधी कोण वाचणार यावर भांडतात.

१९९३ च्या 'मेज: द असेन्शन'चा हिशेब सर्वांत चमत्कारिक. वास्तव म्हणजे बहुसंख्यांचा विश्वास, असं तिथे गृहीत धरलंय. भर रस्त्यात हातातून ज्वाळा काढली तर वास्तव उलटून जादूगारालाच चावतं. त्याला पॅराडॉक्स म्हणतात. पण शत्रूच्या शेजारचा गॅस सिलिंडर 'नेमका' फुटला, तर योगायोग म्हणून तो खपतो. त्यामुळे खेळाडू सतत खपेल असा अपघात शोधत असतात.

पहिल्यांदाच जादूगार घेणार असाल तर सुरुवात पाचव्या आवृत्तीतून करा, कारण शिकवणारी माणसं तिथे सहज मिळतात. प्रत्येक मंत्रासाठी एक कार्ड करा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा: कोणत्या दर्जाचा स्लॉट, पल्ला किती, एकाग्रता लागते का, आणि फासा कोण टाकणार, तुम्ही की समोरचा. आपली पाळी येण्याआधी कार्ड वाचून ठेवा. फायरबॉलच्या कार्डावर २० फुटांची त्रिज्या ठळक लिहा, कारण त्या वर्तुळात आपली माणसंही भाजतात. इव्होकेशन या मारक मंत्रांच्या शाखेच्या विझार्डला पुढे त्यातून सवलत मिळते. तिसऱ्या दर्जाच्या मंत्रात चार जणांना तो सहीसलामत वगळू शकतो.